बुटकं, जाड खोडाचं, गडद हिरवं: भाजीपाल्याची आणि सुगंधी वनस्पतींची रोपं बियांपासून कशी करायची

टोमॅटोची दोन रोपं शेजारी ठेवली आहेत असं समजा. दोन्हीचं बी एकाच दिवशी पेरलेलं. एक वीतभर उंच, फिकट, खोड दोऱ्यासारखं आणि एका बाजूला कललेलं. दुसरं जेमतेम चार बोटं उंच, खोड आगकाडीपेक्षा जाड, पानं गडद आणि एकमेकांजवळ. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण पहिलं रोप उचलतात, कारण ते जास्त वाढलेलं दिसतं. जमिनीत लावल्यावर मात्र पहिलं रोप उन्हात माना टाकतं, वाऱ्याने मोडतं आणि सावरण्यातच दोन-तीन आठवडे घालवतं. दुसरं तोवर नवी फूट काढून पुढे गेलेलं असतं.

हा सगळा लेख त्या दुसऱ्या रोपासाठी आहे. माझ्या हातून आजवर जी रोपं गेली, त्यातली फार थोडी खत किंवा पाणी न मिळाल्यामुळे गेली. बहुतेकांना पाणी जास्त झालं होतं, उजेड कमी पडला होता, किंवा ती अशा मिश्रणात होती जिथे मुळांना श्वासच घेता येत नव्हता. या तीन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं बरंचसं रोप स्वतः करतं.

कशाची रोपं करायची आणि कशाची नाही

हा निर्णय आधी करा, म्हणजे पुढची मेहनत वाया जात नाही. गाजर आणि मुळा थेट जागेवर पेरायचे. त्यांचं सोटमूळ हाच खायचा भाग, आणि उपटून पुन्हा लावताना ते दुखावलं की गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. कोथिंबीर, शेपू आणि मेथीही जागेवरच बरी. कोथिंबिरीचं मूळ दुखावलं की ती पानं वाढवण्याऐवजी लवकर फुलोऱ्यावर जाते. घेवडा, वाटाणा यांची बी मोठी असतात, ती जमिनीत सहज उगवतात.

रोपवाटिकेचा खरा फायदा टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, लेट्यूस, कांदा आणि सेलरी यांना होतो. यांची बी लहान असतात आणि पहिले काही आठवडे रोपं नाजूक असतात. काकडी, भोपळा, दोडका यांची रोपं करता येतात, पण त्यांना मुळं हलवलेली अजिबात खपत नाही, म्हणून मोठ्या कप्प्यात पेरून लवकर लावावी लागतात.

सुगंधी वनस्पतींत बेसिल, पार्सली, थाइम, ओरेगॅनो बियांपासून छान होतात. पुदिना आणि रोझमेरी मात्र फाट्यांपासून करा. पुदिन्याच्या बियांपासून आलेलं रोप मूळ झाडाच्या वासाचं निघेलच असं नाही, आणि रोझमेरीचं बी उगवायला रडवतं. रोझमेरीचा बोटभर कोवळा शेंडा खालची पानं काढून ओलसर मिश्रणात खोचला तर महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतो.

बी जिवंत आहे का, ते आधी पाहा

बियांचं वय पिकानुसार वेगवेगळं चालतं. टोमॅटो, काकडी, कोबीवर्गीय पिकांचं बी नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. मिरचीचं दोन-तीन वर्षं. कांद्याचं आणि पार्सलीचं बी मात्र वर्षभरातच जोम गमावू लागतं, म्हणून ते दरवर्षी नवं घ्या. बियांचे दोन शत्रू: दमटपणा आणि उष्णता. बियांमधला ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा एक ढोबळ नियम आहे. घट्ट झाकणाची बरणी, आत कोरडेपणा राखणारी सिलिका जेलची पुडी आणि फ्रिजचा खालचा कप्पा एवढं पुरतं.

जुनं बी असेल तर पेरण्याआधी परीक्षा घ्या. ओल्या टिश्यू पेपरवर दहा बिया ठेवा, घडी घाला, हवा राहील अशा सैल पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. त्या पिकाला लागतात तेवढे दिवस वाट पाहून मोजा. आठ-नऊ उगवल्या तर निर्धास्त पेरा. पाच-सहा उगवल्या तर प्रत्येक कप्प्यात दोन बिया टाका. दोन-तीनच उगवल्या तर ते बी सोडून द्या, कारण म्हाताऱ्या बियांतून उगवलेलं रोपही बहुधा अशक्तच राहतं.

पाकिटावर एफ-१ किंवा संकरित लिहिलेलं असेल, तर त्या झाडाच्या फळांतून काढलेलं बी पुढच्या वर्षी तसंच निघणार नाही. गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगाचा लेप असलेल्या बियांवर अनेकदा बुरशीनाशक असतं. त्या हाताळल्यावर हात धुवा आणि मुलांपासून लांब ठेवा.

मिश्रण: मुळांना ओल हवी तशी हवाही हवी

बागेतली माती रोपांसाठी वापरू नका. जमिनीत ती चांगली असते, कारण तिथे गांडुळं आहेत, खोली आहे, निचरा आहे. लहानशा कप्प्यात तीच माती दोन-चार पाण्यांत दगडासारखी बसते, शिवाय तिच्याबरोबर तणांचं बी आणि रोगाची बुरशी येते.

मला सगळ्यात भरवशाचं वाटलेलं मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं आणि पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग परलाइट. परलाइट म्हणजे ज्वालामुखीजन्य काच तापवून फुगवलेले हलके पांढरे खडे. त्यांच्यामुळे मिश्रणात हवेच्या जागा राहतात. ते मिळालं नाही तर धुतलेली जाड वाळू चालते, पण तिचं प्रमाण निम्मं ठेवा. परलाइट मिसळताना त्याची धूळ उडते, म्हणून आधी पाणी शिंपडून घ्या.

कोकोपीटबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण इथे अनेकांचं पहिलं वर्ष फसतं. नारळाच्या सोडणाच्या या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून लगेच पेरलं तर बी उगवतं, पण रोप दोन पानांवर अडकून बसतं आणि पानांच्या कडा करपतात. म्हणून कोकोपीट फुगवा, भरपूर पाण्यात बुडवून पिळून काढा आणि हे दोन-तीन वेळा करा. पहिलं पाणी चहासारखं तांबडं निघेल, तिसरं बरंच फिकं असेल. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलं असलं तरी मी एकदा धुतेच.

कंपोस्टची परीक्षा नाकाने होते. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर ते तयार. आंबूस किंवा अमोनियाचा झणझणीत वास आला तर आतली प्रक्रिया अजून चालू आहे, आणि ती कोवळ्या मुळांना जाळेल.

आता ओल. शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात ती स्थिती इथेही हवी: माती ओली आहे, पण चिखल नाही, आणि तिच्या पोकळ्यांत हवा खेळते आहे. मिश्रणाची मूठ घट्ट आवळा. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब यावेत, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोटाने टोचताच फुटावा. धार लागली तर पाणी जास्त. गोळाच झाला नाही तर कमी. वाफसा हा शब्द लक्षात ठेवा, पुढे पाण्याची सगळी चर्चा त्याच्याभोवतीच आहे.

ट्रे आणि डबे

भोकं असलेलं कुठलंही भांडं चालतं. प्रोट्रे, म्हणजे छोट्या कप्प्यांचे ट्रे, सोयीचे, कारण प्रत्येक रोपाची मुळं आपापल्या कप्प्यात राहतात आणि लावताना दुखावत नाहीत. ९८ कप्प्यांचा ट्रे कोबी, लेट्यूस, टोमॅटोला पुरतो. काकडीवर्गीय वेलींना ५० किंवा त्याहून कमी कप्प्यांचा घ्या. मोजकी रोपं हवी असतील तर कागदी पेले घेऊन बुडाला तीन-चार भोकं पाडा. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मात्र मी सुचवणार नाही. कप्पे उथळ असतात, पुठ्ठा मिश्रणातलं पाणी ओढून घेतो आणि सकाळी ओलं असलेलं रोप दुपारी सुकलेलं दिसतं.

गेल्या हंगामातला ट्रे आधी घासून धुवा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटं बुडवून ठेवा, स्वच्छ पाण्याने खळबळा आणि उन्हात वाळवा. बुरशीचे बीजाणू कप्प्यांच्या कोपऱ्यांत चिकटलेल्या मातीत आरामात वर्ष काढतात.

आणि पट्ट्या लावा. पिकाचं नाव, वाण, पेरणीची तारीख. शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हाने उडते, पेन्सिलीचं लिखाण महिनोन्महिने टिकतं. टोमॅटोच्या चार वाणांची रोपं पट्टीशिवाय ओळखणं कुणालाच जमत नाही.

पेरणी

कप्पे काठोकाठ भरा, ट्रे एकदा जमिनीवर आपटा म्हणजे मिश्रण बसेल, पुन्हा भरा. अंगठ्याने दाबून घट्ट करू नका.

खोली बियांच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांना साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर, काकडी-भोपळ्याला दोन ते अडीच. थाइम, ओरेगॅनो, सेलरी यांचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते वर भुरभुरून हलकेच दाबा आणि झाकू नका.

लेट्यूसच्या बियांनाही उजेड हवा असतो, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिजलेल्या लेट्यूसच्या बियांवर लाल आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश आळीपाळीने टाकला. शेवटी लाल प्रकाश मिळाला की बिया उगवत, शेवटी अतिलाल मिळाला की झोपून राहत. मधे कितीही वेळा अदलाबदल केली तरी शेवटचा प्रकाश निर्णय करत होता. यातूनच फायटोक्रोम या रंगद्रव्याचा शोध लागला. हेच रंगद्रव्य रोपाला ‘तू सावलीत आहेस’ असंही सांगतं. त्याकडे थोड्या वेळात येऊ.

भिजवण्याचा नियम सोपा आहे. पार्सलीसारख्या सावकाश उगवणाऱ्या बिया रात्रभर भिजवल्या तर फायदा होतो. चोवीस तासांपेक्षा जास्त कुठलंच बी बुडवून ठेवू नका, ते गुदमरतं. बेसिलच्या बियांभोवती ओल लागताच बुळबुळीत थर येतो, म्हणून ती कोरडीच पेरा.

प्रत्येक कप्प्यात दोन बिया टाकल्या तर उगवल्यावर अशक्त रोप कात्रीने बुडाशी कापा. उपटलं तर राहिलेल्याची मुळंही हलतात. ही विरळणी करताना जीव तुटतो, पण एका कप्प्यात दोघं ठेवली तर दोन्ही काटकुळी होतात.

उगवण: ऊब हवी, वाट पाहणं हवं

या टप्प्यात उजेडापेक्षा ऊब महत्त्वाची. मिरची, वांगी, टोमॅटो, बेसिल यांना मिश्रणाचं तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस लागतं. १५ अंशांखाली मिरची आठवडेच्या आठवडे हलत नाही आणि शेवटी कुजते. लेट्यूसचं नेमकं उलटं: १५ ते २० अंशांत ते तीन-चार दिवसांत येतं आणि ३० च्या आसपास झोपी जातं. उन्हाळ्यात लेट्यूस उगवलं नाही म्हणून बियाण्याला दोष देण्याआधी ट्रे थंड जागी हलवून पाहा.

योग्य ऊब असेल तर कोबीवर्गीय रोपं तीन ते पाच दिवसांत दिसतात, काकडीही तितक्याच. टोमॅटोला आणि बेसिलला पाच ते आठ, कांद्याला सात ते दहा, वांग्याला सात ते बारा, मिरचीला आठ ते चौदा, कधी तीन आठवडेही. पार्सली दोन ते चार आठवडे घेते. या काळात बोटाने उकरून पाहू नका.

ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिकचा कागद ठेवला तर ओल टिकते. पण झाकलेला ट्रे थेट उन्हात ठेवू नका, आत तासाभरात बी शिजेल इतकी उष्णता होते. आणि पहिले काही कोंब दिसले की झाकण काढा. त्याच दिवशी. सगळे उगवेपर्यंत थांबलात तर आधी आलेले झाकणाखालच्या दमट उबेत ताणले जातात.

कधी कधी बीजपत्रांवर, म्हणजे उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांवर, बियांचं टरफल टोपीसारखं अडकून राहतं. बी वरवर पेरलं गेलं किंवा वरचा थर सुकला की असं होतं. टोपीवर पाण्याचा थेंब ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा एक, मग नखाने हलकेच सोडवा. कोरडं ओढलं तर बीजपत्रं तुटतात.

उजेड: रोप उंच का ताणलं जातं

कोंब बाहेर आल्यापासून पहिले चार-पाच दिवस रोपाचा बांधा ठरवतात. उजेड कमी पडला की फायटोक्रोम कळवतं, वर कुणीतरी झाकलेलं आहे. मग रोप पानं आणि मुळं बाजूला ठेवून सगळी ताकद खोड लांबवण्यात घालतं. जंगलात हे शहाणपणाचं आहे. खिडकीत मात्र वर उजेड नसतोच, आणि रोप नुसतं लुळं होतं.

आपले डोळे इथे फसवतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. खोलीत खिडकीपासून दोन-तीन मीटरवर तो अनेकदा १ हजारही नसतो. आपल्याला खोली लख्ख वाटते, रोपाला ती संध्याकाळ वाटते.

बाहेर जागा असेल तर रोपं बाहेर वाढवा. पहिले दोन-तीन दिवस सकाळचं ऊन, दुपारी जाळीची सावली, मग हळूहळू जास्त. घरातच वाढवायची असतील तर साधे पांढरे एलईडी दिवे पुरतात, जांभळ्या प्रकाशाचे खास दिवे घ्यायची गरज नाही. दिवा रोपांच्या शेंड्यांपासून १५ ते २० सेंटीमीटरवर ठेवा आणि रोपं वाढतील तसा वर उचला. रोज १४ ते १६ तास, मग अंधार. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडतात.

उगवून आल्यावर तापमान थोडं उतरवा. भरपूर ऊब आणि कमी उजेड ही जोडी रोप बिघडवते. रात्री १६ ते १८ अंश असले तर टोमॅटो-मिरचीचं खोड आखूड आणि जाड राहतं.

वारा हाही उपयोगी आहे. दिवसातून एक-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवा, किंवा मंद पंखा लांबून लावा. हललेलं रोप बुटकं आणि मजबूत होतं. मार्क जॅफी यांनी १९७३ मध्ये या परिणामाला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. मी पेरणीच्या ट्रेपाशी रोज सकाळी थांबते, तेव्हा हात आपोआप रोपांवरून जातो.

पाणी आणि ‘मर’

या भागावर सगळ्यात जास्त लक्ष द्या.

संध्याकाळी रोपं टवटवीत, सकाळी पाहावं तर पाच-सहा आडवी. जमिनीलगतचं खोड पाणी शिरल्यासारखं, काळपट आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं, वरची पानं अजून हिरवी. ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजारियम या बुरशी किंवा बुरशीसारख्या जीवांपैकी कुणीतरी ती करतं. पिथियमचे बीजाणू तर पाण्यात अक्षरशः पोहत जातात, म्हणजे मिश्रणात सतत साचलेलं पाणी हा त्यांचा रस्ता. कधी रोप जमिनीवर येण्याआधीच कुजतं आणि आपण म्हणतो बी खराब होतं.

आडवी झालेली रोपं वाचत नाहीत. ती मिश्रणासकट काढून टाका, आजूबाजूचे एक-दोन कप्पेही रिकामे करा, पाणी थांबवा, ट्रे हवेशीर उजेडात न्या. शेजारची निरोगी रोपं शक्य तितक्या लवकर नव्या मिश्रणात हलवा. मर थांबवण्याची खरी वेळ मात्र त्याआधीची असते. मिश्रण भरताना ट्रायकोडर्मा मिसळली तर ही मित्रबुरशी मुळांभोवतीची जागा आधी धरते. स्वच्छ ट्रे, विरळ पेरणी, खेळती हवा आणि वाफसा एवढं सांभाळलं तर मर क्वचितच येते.

मग पाणी कधी द्यायचं? रोज ठरलेल्या वेळी नाही. ट्रे उचलून पाहा. पाणी दिल्यानंतर त्याचं वजन हाताला कळू द्या, मग निम्मा हलका झाला की पुन्हा द्या. वरचा थर कोरडा दिसू लागला आहे, बोट अर्धा सेंटीमीटर आत घातल्यावर ओल लागते आहे, तर अजून थांबा. मुळं खाली ओलीच्या शोधात जातात ती याच काळात.

शक्य असेल तर पाणी खालून द्या. पसरट ताटात दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा, वरचा थर ओलसर दिसू लागला की उचलून निथळू द्या. साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. ट्रे पाण्यात विसरू नका. वरून द्यायचं तर बारीक भोकांच्या झारीने, सकाळी, म्हणजे पानं दिवसा सुकतील. बाटलीच्या धारेने बी आणि रोप दोन्ही वाहून जातात.

आणखी एक खूण: मिश्रणावर हिरवट शेवाळ आलं किंवा बारीक काळ्या माश्या उडू लागल्या, तर पाणी जास्त होतंय. या माश्यांच्या अळ्या ओल्या मिश्रणात राहून कोवळी मुळं खातात. वरचा थर सुकू दिला की त्यांची पिढी तुटते. उरलेल्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा.

दुसऱ्या कप्प्यात हलवणं आणि खत

पहिली दोन पानं ही बीजपत्रं. ती गुळगुळीत आणि साधी असतात, त्यांत बियांमधला शिधा असतो. त्यानंतर येतात ती खरी पानं, पिकाच्या ओळखीची. खऱ्या पानांची पहिली जोडी उघडली की एकाच भांड्यात दाट पेरलेली रोपं वेगळी करा. आधी पाणी द्या, काडीने खालून उचला आणि रोप बीजपत्राला धरून हलवा, खोडाला चिमटीत धरू नका. बीजपत्र फाटलं तर रोप सावरतं, खोड चिरडलं तर सावरत नाही.

टोमॅटो बीजपत्रांपर्यंत खोल लावता येतो, त्याच्या खोडाला नवी मुळं फुटतात. ताणलेलं टोमॅटोचं रोप वाचवायचा हाच मार्ग. लेट्यूस आणि सेलरीचा मधला गाभा मात्र मातीखाली गेला तर कुजतो.

खत या वेळेपासूनच. त्याआधी दिलेलं खत मुळांना जाळतं किंवा मऊ, रोगाला बळी पडणारी वाढ करतं. १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मिश्रणावर. मिश्रणात कंपोस्ट भरपूर असेल तर तेवढंही लागत नाही. सगळी पानं फिकी पडली तर नत्र कमी आहे. पानांची खालची बाजू जांभळी झाली तर बहुतेक वेळा मुळं थंड पडल्यामुळे स्फुरद उचललं जात नसतं, तेव्हा खत वाढवण्याआधी ट्रे उबेला न्या. फक्त बीजपत्रं पिवळी होऊन गळत असतील तर काळजी नको, त्यांचं काम झालं.

पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्याकडे रोज पानं उलटून पाहा. पांढरी माशी टोमॅटोत पानं वळवणारा विषाणू पसरवते, आणि या वयात झालेली लागण झाडाला शेवटपर्यंत सोडत नाही. ४० ते ५० मेशची (एका इंचात तितकी छिद्रं असलेली) बारीक जाळी ट्रेवर घातली तर फवारण्याची वेळ सहसा येत नाही. तंबाखू हाताळली असेल तर टोमॅटो-मिरचीला हात लावण्याआधी साबणाने धुवा. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांवरून सहज रोपांवर जातो.

बाहेरच्या जगाची सवय

आत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. थेट उन्हात ठेवलं तर दोन तासांत पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. म्हणून लावणीआधी सात ते दहा दिवस हार्डनिंग करा. पहिल्या दिवशी बाहेर सावलीत तास-दोन तास, रोज थोडा वेळ आणि थोडं ऊन वाढवत, शेवटचे दोन दिवस पूर्णवेळ बाहेर. पाणी किंचित ताणा, पण रोपाने मान टाकेपर्यंत नाही. खत बंद. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी आतच राहू द्या, एखादा दिवस मागे पडल्याने काही बिघडत नाही.

लावणी

वय पाहून ठरवा आणि उशीर करू नका. काकडी-भोपळ्याची रोपं १२ ते १८ दिवसांची, दोन खऱ्या पानांवर. कोबी, फुलकोबी, टोमॅटो २५ ते ३० दिवस, वांगी ३० ते ३५, मिरची ३५ ते ४५, कांदा ४५ ते ५०. थंड हवेत प्रत्येकाला आठवडा-दोन आठवडे जास्त लागतात. रोप हलकेच उपसून पाहा: मुळं पांढरी असावीत, मिश्रणाचा गोळा धरून ठेवण्याइतकी झालेली असावीत. ती तपकिरी होऊन बुडाशी गोल गोल फिरू लागली असतील तर उशीर झाला आहे. तो गोळा बोटांनी खालून थोडा मोकळा करून लावा. ट्रेमध्येच मिरचीला कळ्या आल्या असतील तर त्या खुडा, रोपाला आत्ता मुळं वाढवायची आहेत.

ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. तासभर आधी ट्रेला पाणी द्या म्हणजे मुळांभोवतीचा गोळा न फुटता रोप निघतं. खड्ड्यातही पाणी घाला, रोप लावा, भोवतालची माती हलक्या हाताने दाबा, पुन्हा पाणी द्या. पहिले तीन-चार दिवस दुपारी सावली करा आणि रोज संध्याकाळी खोडाजवळची माती बोटाने तपासा, कारण मुळं अजून त्या छोट्या गोळ्यापुरतीच आहेत आणि तो गोळा आजूबाजूच्या मातीआधी सुकतो.

आठ-दहा दिवसांत शेंड्याला नवं, चकाकतं पान दिसलं की रोपाने जमीन धरली. तोवर ट्रेमधली आठ-दहा जास्तीची रोपं टाकू नका, त्यांना पाणी देत राहा. गोगलगाय एखादं रोप रात्रीत खाते, एखादं खोडाशी कापलं जातं, आणि नांग्या, म्हणजे गेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला त्याच वयाचं रोप हाताशी लागतं.